कच्च्या दुधाच्या चीजची चाचणी : सुरी लावण्याआधीची तयारी

एखादे पारंपरिक युरोपीय चीज खरोखरच कच्च्या दुधाचे आहे का, हे तपासायचे असेल तर नमुना कापण्याआधी आपल्याला नेमके कोणते उत्तर हवे आहे, ते कागदावर लिहून काढावे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार 40 अंश सेल्सिअसच्या वर न तापवलेले आणि तेवढाच परिणाम घडवणारी दुसरी कोणतीही प्रक्रिया न केलेले दूध म्हणजे कच्चे दूध. प्रयोगशाळा मात्र हे तापमान मोजत नाही. ती मोजते अल्कलाइन फॉस्फेटेज या विकराची (एन्झाइमची) चीजमध्ये उरलेली क्रियाशीलता. हे विकर दुधात मुळातच असते आणि 63 अंशांवर 30 मिनिटे किंवा 72 अंशांवर 15 सेकंद तापवले की निकामी होते. आपल्याकडच्या डेअऱ्यांतही पाश्चरीकरण नीट झाले का, हे याच विकरावरून पाहतात. 40 आणि 72 या दोन आकड्यांच्या मधला पट्टा मोठा आहे आणि खरी अडचण तिथेच आहे. 57 ते 68 अंशांपर्यंत किमान 15 सेकंद तापवलेले, म्हणजे थर्माइज केलेले दूध कायद्याने कच्चे राहत नाही, तरीही फॉस्फेटेजची चाचणी त्याला पकडत नाही. म्हणून ‘दूध पाश्चराइज केलेले नाही’ आणि ‘दूध कच्चे आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे चाचणी मागवणाऱ्यालाही आधीच स्पष्ट सांगावे.

यानंतर त्या चीजची कागदपत्रे मिळवावीत. संरक्षित नावाच्या प्रत्येक चीजचे अधिकृत नियमपत्र असते आणि दुधाबाबतची अट त्यात लिहिलेली असते. कामाँबेर द नॉर्मांदी, रोकफोर, कोंते आणि पार्मिजानो रेज्जानो यांना कच्चे दूध सक्तीचे आहे. इंग्लंडच्या स्टिल्टनला उलट पाश्चराइज केलेले दूधच लागते, आणि म्हणून कच्च्या दुधापासून त्याच धर्तीवर बनणाऱ्या स्टिचेल्टनला स्टिल्टन म्हणता येत नाही. कामाँबेरच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. 2007 च्या सुमारास काही मोठ्या उत्पादकांनी थर्माइज केलेले किंवा सूक्ष्मगाळणी केलेले दूध चालावे असा आग्रह धरला होता. तो मान्य झाला नाही, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. पण सूक्ष्मगाळणीत जिवाणू गाळले जातात आणि विकर तसेच राहते, त्यामुळे अशी शंका असेल तर फॉस्फेटेजच्या आकड्यावर विसंबू नये. दूध स्वीकारल्यापासून ते साकळवणारे रेनेट घालेपर्यंतच्या तापमानाच्या नोंदी आणि यंत्रांची यादी मागून घ्यावी.

सर्वांत जास्त विचार नमुना चीजच्या कोणत्या भागातून घ्यायचा, यावर करावा. कोंते किंवा पार्मिजानो बनवताना साकळलेल्या दुधाचे कापलेले तुकडे, म्हणजे कर्ड, निवळीसकट सुमारे 53 ते 55 अंशांपर्यंत तापवतात आणि मग साच्यात भरतात. चाळीस किलोच्या आसपासचे हे चीजचे गोल चाक बाहेरून लवकर निवते, पण त्याचा गाभा कित्येक तास गरम राहतो. त्या ऊबेत, वाढत्या आंबटपणासह, गाभ्यातले फॉस्फेटेज बरेचसे नष्ट होते, तर सालीलगतच्या थरात ते टिकून राहते. परिणामी अस्सल कच्च्या दुधाच्या चाकाच्या मधोमध काढलेला नमुना पाश्चराइज केलेल्या दुधासारखा आकडा दाखवू शकतो आणि प्रामाणिक चीजकाराच्या माथी खोटेपणाचा आरोप येतो. हे टाळण्यासाठी मोठ्या, कडक चीजची कोरडी साल पातळ खरवडून टाकावी आणि तिच्या लगेच आतला थर घ्यावा. गाभ्यातला तुकडा हवाच असेल तर तो वेगळ्या डब्यात ठेवून त्याचा आकडा वेगळा मागवावा. डब्यावर नुसते चीजचे नाव न लिहिता सालीपासूनची खोली, काठापासूनचे अंतर आणि चाकाचा क्रमांकही लिहावा.

मऊ आणि बुरशीच्या चीजमध्ये धोका उलट दिशेचा असतो. बुरशी आणि काही जिवाणू स्वतःचे फॉस्फेटेज तयार करतात, त्यामुळे पाश्चराइज केलेल्या दुधाचे चीजही पॉझिटिव्ह, म्हणजे कच्च्या दुधाचे असल्यासारखे, दिसू शकते. कामाँबेरवरची पांढरी साल काढून टाकावी, रोकफोर किंवा स्टिल्टनमधल्या निळ्या शिरा टाळून फिकट भाग निवडावा, आणि तरीही शंका राहिली तर नमुन्याचा एक भाग प्रयोगशाळेत पाश्चरीकरणाइतका तापवून पुन्हा मोजायला सांगावे. दुधातले विकर त्यात निकामी होते. जे उरते ते बहुधा सूक्ष्मजीवांचे असते.

प्रत्येक नमुन्यासाठी स्वच्छ केलेली वेगळी सुरी किंवा चीजचा ट्रायर (आतला नमुना काढायची पोकळ नळी) असावा, डबा घट्ट झाकणाचा असावा, आणि नमुना गोठवू न देता थंड पेटीतून शक्य तितक्या लवकर पोहोचवावा.

प्रयोगशाळेशी बोलताना दूध गायीचे, मेंढीचे की शेळीचे, हे न विसरता सांगावे. मेंढीच्या दुधात फॉस्फेटेज गायीच्या दुधापेक्षा बरेच जास्त आणि शेळीच्या दुधात कमी असते. म्हणून शेळीच्या चीजचा खालचा आकडा गायीच्या मापाने वाचला तर निष्कर्ष चुकतो. चीजसाठी आयएसओ 11816 या मानकाच्या दुसऱ्या भागातील प्रतिदीप्तीवर आधारित पद्धत वापरणार का, हे विचारून घ्यावे. पाश्चराइज केलेल्या गायीच्या दुधासाठी लिटरमागे 350 मिलियुनिट (विकराची क्रियाशीलता मोजण्याचे एकक) ही युरोपीय मर्यादा आहे. चीजचा निकाल ग्रॅममागे मिलियुनिटमध्ये येतो आणि तिथे 10 हा आकडा सुचवला गेला आहे. दुधाची मर्यादा चीजला लावलेली दिसली तर अहवाल परत पाठवावा. सोबत त्याच चीजचा उकळून निकामी केलेला अर्क आणि कच्चे दूध मुद्दाम मिसळलेला नमुनाही मोजला जावा, म्हणजे चीजमधल्या एखाद्या घटकाने चाचणी दाबली नाही ना, हे कळते.

या चाचणीतून चीज खाण्यास सुरक्षित आहे की नाही, हे कळत नाही. लिस्टेरिया किंवा विषारी ई. कोलाय या रोगकारक जिवाणूंसाठी स्वतंत्र नमुना निर्जंतुक साधनांनी, आणि तोही सर्वांत आधी घ्यावा, कारण पाश्चराइज केलेले चीजही नंतरच्या हाताळणीत दूषित होऊ शकते.

शेवटी प्रत्येक जागेच्या नमुन्याचे दोन भाग करावेत, दुसरा भाग उत्पादकाच्या प्रतिनिधीसमोर मोहोरबंद करून थंड जागी राखून ठेवावा, आणि अहवालात ‘कच्च्या दुधाच्या दाव्याशी सुसंगत’, ‘विसंगत’ किंवा ‘या नमुन्यावरून ठरवता येत नाही’ असे तीनच शेरे चालतील, हे मागणीपत्रातच लिहून द्यावे.