720 केबीची फ्लॉपी फॉरमॅट करताना

अटारी एसटीसारख्या जुन्या संगणकासाठी साडेतीन इंची फ्लॉपी डॉस या जुन्या कार्यप्रणालीत तयार करायची असल्यास मूळचीच डबल डेन्सिटी (720 केबी क्षमतेची) फ्लॉपी घ्यावी. राइट-प्रोटेक्टच्या, म्हणजे लिहिणे रोखणाऱ्या, खिडकीसमोरच्या कोपऱ्यात दुसरे भोक नसते, हीच तिची खूण. हाय डेन्सिटी फ्लॉपीच्या त्या भोकावर चिकटपट्टी लावून वेळ मारून नेता येते, पण तिच्या चुंबकीय लेपावर लिहायला अधिक जोर लागत असल्याने असा मजकूर पुढे दगा देऊ शकतो. धातूची झडप सरकवून पाहावी आणि तबकडीवर बुरशीचे ठिपके दिसल्यास मोह आवरावा, कारण ड्राइव्हचे हेडही खराब होते. मग राइट-प्रोटेक्टची खिडकी बंद करून ‘फॉरमॅट ए: /एफ:720’ ही आज्ञा द्यावी, दोन्ही बाजूंवर प्रत्येकी 80 ट्रॅक (वर्तुळाकार पट्टे) आणि दर ट्रॅकला 9 सेक्टर (पट्ट्याचे भाग) आखले जातात. शेवटी बॅड सेक्टर, म्हणजे खराब भाग, दाखवले, तर ती फ्लॉपी महत्त्वाच्या कामासाठी वापरू नये.