कंटेंट मार्केटिंगसाठी विषय कुठे शोधावेत

कंटेंट मार्केटिंग म्हणजे ग्राहकाच्या उपयोगाचा मजकूर प्रसिद्ध करून त्याला आपल्या व्यवसायाकडे वळवणे. घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये वॉटरप्रूफिंगची कामे घेणाऱ्या ठाण्यातल्या एखाद्या व्यावसायिकाचे उदाहरण घेऊ. त्याने ‘वॉटरप्रूफिंगचे फायदे’ या विषयावर मुळीच लिहू नये, कारण ज्याच्या छताला ओल आली आहे त्याला फायदे पटवून द्यावे लागत नाहीत. त्याऐवजी गेल्या पावसाळ्यातले व्हॉट्सॲपवरचे निरोप पुन्हा वाचावेत आणि गच्चीवर उभे राहून काम करून घेणाऱ्या सुपरवायझरला लोक काय काय विचारतात ते जाणून घ्यावे. ऑफिसपेक्षा सुपरवायझरच्या कानावर जास्त पडते. ‘जुना कोबा फोडावा लागेल का, की वरूनच कोटिंग चालेल?’, ‘वरच्यांच्या बाथरूममधून पाणी झिरपतंय, खर्च कोण देणार?’ असे प्रश्न वहीत जसेच्या तसे उतरवावेत. ग्राहक ‘पोपडे निघतात’ म्हणत असेल तर शीर्षकातही पोपडेच यावेत, कारण शोधताना तो तोच शब्द टाइप करतो.

खर्चाच्या प्रश्नावर तर अख्खा लेख उभा राहतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमावलीनुसार, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती थांबवण्याचा खर्च संस्थेचा असतो, तर संडास, सिंक अशा ठिकाणांहून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाला करावा लागतो. एवढे सोप्या भाषेत सांगून, पाऊस सरल्यानंतरही ओल वाढतच असेल तर आधी नळजोडण्यांवर संशय घ्यावा, ही माहिती जोडली, तर असा लेख सेक्रेटरी कमिटीच्या ग्रुपवर आपणहून टाकण्याची शक्यता बरीच असते. जाहिरातीच्या वाट्याला हे भाग्य क्वचितच येते.

जमलेले प्रश्न गूगलच्या शोधपट्टीत मराठीत आणि रोमन लिपीतही टाइप करून पाहावेत, म्हणजे येणाऱ्या सूचनांवरून त्याच प्रश्नाचे इतर पोटप्रश्न कळतात. कोणता शब्द केव्हा जास्त शोधला जातो हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सचा खरा उपयोग विषयापेक्षा वेळ ठरवण्यासाठी होतो. मुंबई परिसरात मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे; त्याआधी काम पुरे व्हायचे, तर कोटेशने मागवणे, कमिटीची बैठक आणि मंजुरी यांत काही आठवडे सहज जातात. म्हणून गच्चीविषयीचा मजकूर फेब्रुवारी-मार्चमध्येच प्रसिद्ध करावा, आणि घरातल्या भिंतींच्या ओलीविषयीचा मात्र भर पावसाळ्यासाठी राखून ठेवावा.