ग्लेझ बिघडलं? आधी दोषाची कड पाहा

भट्टी उघडली आणि भांडं बिघडलेलं दिसलं की बहुतेक जण लगेच ग्लेझचं, म्हणजे भांड्यावर वितळून काचेसारख्या बसणाऱ्या लेपाचं, मिश्रण बदलायला घेतात. जरा थांबा. बरेच दोष मातीत, बिस्क भाजणीत (ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीत) किंवा ग्लेझच्या जाडीत शिरलेले असतात. आधी १० पटीचं भिंग घेऊन दोषाची कड नीट पाहा. खालचे आकडे कोन ६, म्हणजे साधारण १२२० अंश सेल्सिअसला भाजल्या जाणाऱ्या स्टोनवेअरचे, म्हणजे जास्त तापाला भाजून घट्ट होणाऱ्या भांड्यांचे आहेत. (कोन म्हणजे ठरावीक तापाला वाकणारा, भट्टीत ठेवायचा छोटा सुळका.)

ग्लेझ मागे सरकून माती उघडी पडली आहे आणि कड जाड, गोलसर आहे? हे क्रॉलिंग. ते भट्टीच्या आतलं दुखणं वाटतं, पण खुणा भाजणीआधीच दिसतात. ग्लेझ लावून सुकलेलं भांडं उजेडात तिरकं धरा. पृष्ठभागावर केसासारखे तडे दिसले, तर तिथेच ते मागे सरकणार. कपाचा कान जिथे जोडलेला असतो त्या खाचेत ग्लेझ साचतं, म्हणून तिथे आधी पाहा. तडे बोटाने घासून बुजवता येतात, पण कारण शोधायला हवं. मिश्रणात चायना क्ले (पांढरी केओलिन माती) जास्त असेल, तर सुकताना ते फार आकसतं. अर्धी चायना क्ले भाजून वापरा. भाजल्यावर तिचं वजन सुमारे १४ टक्के घटतं, म्हणून कच्च्या १०० ग्रॅमच्या जागी भाजलेली ८६ ग्रॅम घ्या. सगळीच भाजलेली घेतली तर ग्लेझ बादलीच्या तळाशी घट्ट बसतं. दुसरं कारण धूळ आणि बोटांचं तेल. बिस्क भांडं ओल्या स्पंजने पुसा, पूर्ण सुकू द्या आणि मगच बुडवा. पावसाळ्यात दमट हवेमुळे सुकायला एक दिवस जास्त द्यावा लागतो.

जाडी अंदाजाने ठरवू नका. १०० मिलिलिटर ग्लेझ मोजपात्रात घेऊन वजन करा. मोजपात्राचं वजन वजा करून १४० ते १५० ग्रॅमच्या मध्ये आलं, तर बुडवण्याचं ग्लेझ साधारण ठीक. हा आकडा बादलीवरच लिहून ठेवा.

टाचणीच्या टोकाएवढी भोकं म्हणजे पिनहोल. वितळलेल्या ग्लेझमधून मातीतला वायू वर येतो आणि भोक बुजायच्या आत ग्लेझ थंड होऊ लागतं. बिस्क भाजणी हळू करा: ७०० ते ९०० अंशांमध्ये तासाला ६० ते ८० अंश, भट्टीचं झाकण किंवा हवेचं भोक उघडं ठेवून, म्हणजे मातीतला कार्बन जळून जाईल. शेवट १००० ते १०६० अंशांवर. ग्लेझ भाजणीत शिखर गाठल्यावर तापमान सुमारे ५० अंश खाली उतरवून ३० मिनिटं धरून ठेवा. शिखरावरच धरून ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण तिथे नवे बुडबुडे येत राहतात. खड्डे मोठे आणि कडा धारदार असतील तर तो फोड आहे. बहुतेकदा जास्त तापल्याचं लक्षण. भट्टीत ठेवलेला कोन वाकलाय किती ते पाहा.

जाळीसारखे बारीक तडे, भट्टीतून काढताना किंवा नंतर ‘टिंग’ असा आवाज: हे क्रेझिंग. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं आणि ताणाने फाटतं. भट्टी हळू थंड केल्याने ते लांबतं, बरं होत नाही. मिश्रणाच्या १०० भागांत क्वार्ट्झ पावडर ५, १० आणि १५ भाग घालून तीन चाचणी-टाइल्स भाजा. चमक मेली तर सोडा फेल्डस्पार (ग्लेझ वितळवणारं खनिज) कमी करून बोरॉन फ्रिट (आधीच वितळवून दळलेली बोरॉनयुक्त काच) वाढवा. चाचणी सोपी आहे: टाइल पाच मिनिटं उकळा, बर्फाच्या पाण्यात टाका, हे तीनदा करा, मग शाई लावून पुसा आणि तड्यांत ती राहते का पाहा. माती पाणी शोषणारी असेल तर तडकलेल्या भांड्यात खाद्यपदार्थ ठेवू नका. क्वार्ट्झ पावडर हाताळताना एन-९५ मास्क हवाच.

उलट प्रकार शिव्हरिंग: कडांवरून ग्लेझच्या धारदार कपच्या उडतात. क्वार्ट्झ कमी करा. असं भांडं चहा पिण्यासाठी कुणाला देऊ नका, फोडून टाका.

गावातल्या नदीची किंवा काळी माती वापरणाऱ्यांना आणखी एक दोष भेटतो. महिन्याभराने भांड्याचा तुकडा उडतो आणि खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसतो. हा चुनखडीचा खडा. भाजल्यावर त्याचा चुना होतो, हवेतलं पाणी ओढून फुगतो आणि वरची माती फेकून देतो. इथे ग्लेझचा काहीच दोष नाही. माती पातळ करून ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) जाळीतून गाळा. बिस्क झालेली भांडी उरली असतील तर भट्टीतून काढून गार होताच पाण्यात बुडवून भिजवा. चुना तिथेच विझतो, त्यामुळे तुकडा उडण्याचा धोका बराच कमी होतो. मग भांडी पूर्ण सुकवून ग्लेझ लावा.