घरगुती साडी-पार्टीचा धंदा: भांडवल कुठून आणलं, गिऱ्हाईक कसं जमवलं

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये बारा जणींची भिशी होती, महिन्याला दोन हजारांची. दुसऱ्याच महिन्यात माझा नंबर लागला आणि चोवीस हजार हातात आले. तेच माझं भांडवल. पण भिशी लवकर उचलली की पुढचे दहा हप्ते भरायचे राहतात, म्हणजे ते बिनव्याजी कर्जच. म्हणून अठरा हजारांचाच माल भरला आणि सहा हजार बाजूला ठेवले. विक्री झाली नाही तरी तीन महिने भिशीत तोंड दाखवायला जागा राहावी, एवढाच हिशोब होता. नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकीला मी हेच सांगते: हातातल्या सगळ्या पैशांचा माल भरू नका.

घरी बायका बोलावून वस्तू दाखवायच्या आणि विकायच्या, ही पद्धत मुंबईत अनेकींनी टपरवेअरच्या पार्ट्यांमध्ये पाहिली. ती कंपनी भारतात आली १९९६ मध्ये. साड्यांना ही पद्धत फार सोयीची पडते, कारण साडी हाताळून, खांद्यावर टाकून पाहिल्याशिवाय बाई पैसे काढत नाही.

माल मी मंगलदास मार्केटमधून आणते. रोखीने तीन-चार वेळा खरेदी केली, वेळेवर गेले, उगाच घासाघीस केली नाही, तेव्हा एका व्यापाऱ्याने आपणहून विचारलं, "ताई, जांगड नेणार का?" जांगड म्हणजे माल न्यायचा, खपेल त्याचे पैसे द्यायचे, उरलेला ठरलेल्या दिवशी परत करायचा. या धंद्यात याहून स्वस्त भांडवल नाही. मात्र ते शब्दावर चालतं. आठ दिवस म्हटलं की आठव्या दिवशी माल परत गेलाच पाहिजे. घडी मोडलेली चालत नाही, अत्तराचा वास, तेलाचं बोट तर मुळीच नाही. पार्टीत चिवड्याच्या बश्या फिरायला लागल्या की जांगडच्या साड्या मी आधी पिशवीत भरते.

बँकेचं कर्ज मी दुसऱ्या वर्षी घेतलं, मुद्रा योजनेतलं. त्यातला 'शिशु' गट ५० हजारांपर्यंतचा, तारण लागत नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, केली. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकाने, एक पैसाही न देता होते. मला ते ठाऊक नव्हतं, म्हणून एका एजंटाला पंधराशे रुपये दिले. तुम्ही देऊ नका. आणि कर्ज पहिल्या दिवशी घेऊ नका. हप्ता दर महिन्याला कापला जातो, आणि पितृपक्षात साडी कोणी घेत नाही. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, छत्र्या यांतच घरोघरी पैसे संपतात. एक पूर्ण वर्ष विक्रीची वही लिहा. कोणते महिने कोरडे जातात ते कळलं, की हप्ता किती झेपेल ते आपोआप दिसतं.

आता आकडे. ८५० ची साडी मी ११५० ला विकते. वरचे ३०० दिसतात, पण जिच्या घरी पार्टी असते तिला विक्रीच्या आठ टक्के देते, म्हणजे ९२ गेले. रिक्षा, पिशव्या, इस्त्री धरून साधारण ४० जातात. हातात राहतात १६८. एखादीने साडी उधारीवर नेली आणि पैसे बुडाले, तर ते ८५० भरून काढायला पाच-सहा साड्या विकाव्या लागतात. म्हणून पैसे तिथल्या तिथे, क्यूआर कोडवर. फार तर दोन हप्ते, आणि तेही वहीत तिच्याच हाताने लिहून. जवळच्या बाईला हे सांगायला जड जातं, मलाही गेलं. पण उधारीने नाती जास्त तुटतात.

मला सगळ्यात मोठा फटका बसला तो स्वस्ताईच्या मोहाने. एका दुकानात एकाच डिझाइनच्या दहा साड्यांचा लॉट ७८० च्या दराने मिळाला आणि मी उचलला. भांडुपच्या एका सोसायटीत त्यातल्या तीन विकल्या. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यातल्या दोघी त्याच साडीत, त्याच रंगात समोरासमोर आल्या. एकीचे डोळे भरून आले, कारण तिने सगळ्यांना 'ही वेगळी मिळाली' म्हणून सांगितलं होतं. त्या सोसायटीतून मला वर्षभर बोलावणं आलं नाही, आणि ते बरोबरच होतं. उरलेल्या सात साड्या कपाटात दीड वर्ष पडून राहिल्या. तेव्हापासून एका सोसायटीत एक डिझाइन एकदाच, आणि कुठली साडी कुठे गेली ते वहीत.

जाहिरातीचा खरा खर्च म्हणजे ते यजमानीणबाईंचे आठ टक्के. मी ते रोख देत नाही, तेवढ्या रकमेची साडी निवडायला सांगते. ती साडी ती नेसते, आणि पुढच्या चार जणी तिला विचारतात. पार्टी आठ ते बारा बायकांची पुरे. वीस जणी आल्या की निम्म्या नुसत्या गप्पा मारतात आणि मला कोणाकडेच नीट लक्ष देता येत नाही.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकींना पाठवायची सोय, कामाची आहे, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोहोचतो. म्हणून बिल देताना मी तिथेच नंबर सेव्ह करून घेते. पार्टीच्या दोन दिवस आधी पाच-सहाच फोटो पाठवायचे, सगळे नाही. सोसायटीच्या ग्रुपवर परवानगीशिवाय टाकू नका, सेक्रेटरींना आधी विचारा.

फोटो खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात. पार्टीतही उजेडाकडे लक्ष द्या. एकदा संध्याकाळी दिवाणावर साड्या मांडल्या होत्या. एका काकूंनी चिंतामणी रंगाची उचलली, गोदरेजच्या आरशासमोर पदर खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "निळीच दिसतेय गं." पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ती खरंच निळी दिसत होती. त्यांना गॅलरीत नेलं. अजून थोडा उजेड होता. तिथे त्यातली हिरवी झाक दिसली, काठाची जर उठून आली, आणि त्यांनी ती घेतली. आता शक्यतो दुपारी चारचीच वेळ ठरवते.

सण हाताशी धरा. संक्रांत ते रथसप्तमीच्या हळदीकुंकवासाठी वाणाच्या वस्तू शेकड्याने लागतात. साडीबरोबर वीस-तीस रुपयांच्या वाणाची ऑर्डर डिसेंबरातच घेऊन ठेवते. श्रावणात मंगळागौरीसाठी नऊवारी विचारतात, गौरी-गणपतीला देण्याघेण्याच्या साड्या खपतात.

जीएसटीची भीती घालणारे भेटतील. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल, तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. दुसऱ्या राज्यात पार्सल पाठवायचं झालं की नियम बदलतात, तेव्हा आधी सीएला विचारा. आणि 'आधी पैसे भरा, मग माणसं जोडा, त्यांच्या पैशातून कमवा' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांत अशा पिरॅमिड योजनांना बंदी आहे.

पार्टी संपली की लगेच निघू नका. दारात चपला घालता घालता कोणीतरी म्हणतेच, "आमच्याकडे कधी?" बघू, कळवते, असं म्हणालात तर ती तारीख गेली. पिशव्या खाली ठेवा, डायरी काढा, आणि तिथेच उंबऱ्यावर उभ्या उभ्या वार आणि वेळ लिहून घ्या.