जागलीवरची बाराबोर : या चुका टाळा

तूर शेंगांवर आली की यवतमाळ, चंद्रपूरकडे पिकाच्या राखणीसाठी रात्रीची जागल सुरू होते, आणि ज्यांच्या घरी परवान्याची बाराबोर बंदूक आहे ते ती सोबत मचाणावर नेतात. परवाना मिळाला म्हणजे बंदूक चालवता येते, असे आपण गृहीत धरतो आणि तिथूनच चुकांना सुरुवात होते.

सर्वांत घातक चूक म्हणजे आवाजाच्या रोखाने गोळी झाडणे. पुरुषभर उंचीच्या तुरीत खसफस झाली की ते रानडुक्कर असेल, रोही (नीलगाय) असेल, किंवा शेतीपंपाला रात्रीची लाइन असल्यामुळे मोटर सुरू करायला निघालेला शेजारीही असेल. काही वर्षांपूर्वी मीच अशी बंदूक उचलली होती. चापावर बोट नेण्याआधी हाक दिली म्हणून अनर्थ टळला, कारण तुरीतून उत्तर आले, “मी आहो भाऊ, मोटर लावाले आलो.” तेव्हापासून टॉर्चच्या उजेडात समोर काय आहे ते स्पष्ट दिसल्याशिवाय आणि त्याच्यामागे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणी नाही याची खात्री पटल्याशिवाय मी नळी उचललेली नाही. केवळ पिकासाठी रानडुक्कर मारायला वन विभागाची परवानगी लागते. जीव वाचवताना वन्यप्राणी मेला, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ संरक्षण देते. मात्र ते जनावर सरकारी मालमत्ता असते, म्हणून ताबडतोब कळवावे.

वर्षभर खुंटीवर टांगलेली बंदूक थेट भरणे हीही मोठी चूक आहे. माझ्या बंदुकीच्या नळीत एका पावसाळ्यात कुंभारीण माशीने मातीचे घरटे केले होते. तशीच झाडली असती तर नळी फुटून हात गेला असता. ओलीने फुगलेले काडतूस वापरू नये. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी निर्धोक दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबावे, कारण बार उशिरा उडू शकतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर दुसरे काडतूस घालण्यापूर्वी बंदूक रिकामी करून नळी आरपार मोकळी आहे का ते पाहावे. जुन्या बंदुकीत काडतूस बसते ती जागा (चेंबर) ६५ मिलिमीटरची असेल, तर तिच्यात ७० मिलिमीटरचे काडतूस चालत नाही. वीस बोरचे काडतूस तर घरात चुकूनही ठेवू नये, कारण ते बाराबोरच्या नळीत पुढे सरकून अडकते आणि मागून बाराचे काडतूस घालून झाडल्यास नळी फुटते. मचाणावर चढताना बंदूक रिकामीच असावी.

शेतातल्या घरावर हत्यारबंद माणसे आली, तर बंदूक घेऊन अंगणात धावत जाणे ही घरच्या माणसांना उघड्यावर टाकणारी चूक ठरते. सर्वांना एका खोलीत घ्यावे, दार लावावे, ११२ वर फोन करावा आणि आतूनच मोठ्याने सांगावे की पोलिसांना कळवले आहे. कुऱ्हाड घेतलेला माणूस चार पावलांवर असताना बंदूक उचलून रोखेपर्यंत तो अंगावर पोहोचतो. त्याला पैसेच हवे असतील, तर द्यावेत.

पळणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडणारा माणूस स्वतःच आरोपी होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे, पण कलम ३७ प्रमाणे बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो तो जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त धास्ती असताना, तसेच जबरी चोरी वा रात्रीच्या घरफोडीसारख्या कलम ४१ मधल्या प्रसंगांत. शेतातला कापूस चोरीला गेला, एवढ्याने तो मिळत नाही.

गोळी झाडली गेलीच, तर बंदूक रिकामी करून बाजूला ठेवावी, जखमी माणसासाठी, तो चोर असला तरी, १०८ ला बोलवावे आणि पंचनामा होईपर्यंत रिकामी काडतुसे उचलू नयेत.

आमच्याकडे अगदी सहज होणारी चूक म्हणजे वडील गेल्यावर त्यांची बंदूक घरातच राहू देणे. परवाना वडिलांच्या नावाचा असतो, मुलाचा नव्हे. त्यामुळे विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावाने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो.