अंग लाल झालं की लगेच ट्यूब? या चुका टाळा

आमच्या बेळगाव भागात अंगावर कुठं लाल चट्टा उठला की माणूस डॉक्टरकडं नाही, आधी मेडिकलात जातो, "खाजायलंय ओ, एक ट्यूब द्या" म्हणतो. मीपण तेच केलं. मागच्या पावसाळ्यात मांडीवर गोल लाल चट्टा आला, कडेला बारीक पापुद्रा आणि मधली कातडी जवळजवळ साफ, म्हणजे सरळसरळ गजकर्ण (बुरशीचा आजार), पण मला वाटलं उष्णता असेल. ट्यूब लावली, दोन दिवसात खाज गायब, मी खूश. आठ दिवसांनी सोडली तर एकाचे तीन चट्टे!

स्किनच्या डॉक्टरनी ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायला लावलं. क्लोबेटासोल, म्हणजे जोरदार स्टेरॉइड. ते लाली आणि खाज दाबतं, पण खाली बुरशी मोकाट पसरते. तोंडाला गोरं व्हायला म्हणून महिनोनमहिने लावणारे तर वेगळेच, त्यांची कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसतात आणि सोडलं की चेहरा आगीसारखा भडकतो. अशा बऱ्याच क्रीम 2018 पासून चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, तरी मिळतात की! मोटामोटी ओळख अशी, नावाच्या शेवटी सोन किंवा सोल असलं तर बहुतेक स्टेरॉइड, क्लोट्रिमाझोलसारखा झोल असला तर बुरशीचं औषध, आणि कॉम्बो ट्यूबमध्ये दोन्ही कोंबलेलं असतं, ती तर नकोच. साधी क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या थोडं बाहेरपर्यंत लावायची आणि चट्टा गेला तरी दोन आठवडे सोडायची नाही, लोक इथंच कंटाळतात. टॉवेल वेगळा, चड्डी पूर्ण वाळलेली, पावसाळ्यात इस्त्री मारून.

खानापूरकडं काजूच्या सीझनला वेगळंच. बी फोडताना टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी लाल होऊन फोड येतात, काळी पडते. तेल नुसत्या पाण्यानं निघत नाही, लगेच साबण लावून धुवा, आणि तोच हात डोळ्याला किंवा लघवीला जाताना लावू नका. (हसू नका, लावलेले लोक मला माहीत आहेत.) फोड फोडायचे नाहीत.

शेताच्या बांधावरचं काँग्रेस गवत पण तसंच. पापण्या, मान, कोपराची घडी लाल होऊन खाजते आणि आपण उन्हाला नाहीतर साबणाला दोष देतो. गवत उपटताना फुल बाह्या, हातमोजे, घरी आल्या आल्या आंघोळ. हे केलं नाही तर कितीपण क्रीम लावा, परत येतंय.

लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, लिंबाचा रस आणि ऊन मिळून कातडी भाजते. टूथपेस्ट पण नको. साध्या लालीला गार पाणी, कॅलामाइन लोशन, वास नसलेलं मॉइश्चरायझर एवढं पुरतं.

पण लाली गरम लागत असेल, सुजून दुखत असेल, त्यात ताप किंवा शुगर असेल तर घरगुती काही नको. जायच्या आधी लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारून टाइम लिहा, किती पसरलंय ते डॉक्टरला लगेच कळतं. ओठ सुजून दम लागला, नाहीतर नवीन गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ आणि तोंडात फोड आले, तर पेन शोधत बसू नका, सरळ गाडीला किक मारा.