कूलरमधला हिंग: शाळेतल्या खोडीची गोष्ट कशी लिहायची

खोडीची गोष्ट लिहायला बसलात की आधी खोडी शोधू नका. त्या पोट्ट्यांना काय हवंय ते शोधा. खुर्चीला डिंक लावला, डस्टर लपवलं, मैत्रिणीच्या डब्यात बेडूक ठेवला, अशा गोष्टी माझ्याकडे ढिगाने येतात. मी शाळेत मराठी शिकवायचे तेव्हाही मुलं लिहून आणत, आता उन्हाळ्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी गोष्टी लिहायला येतात तेव्हाही आणतात. मोठी माणसं लिहितात त्यातही तेच असतं. मुलगा उठतो आणि खोडी करतो. का करतो, याचा पत्ता नसतो. मग सर पडतात, वर्ग हसतो, गोष्ट संपते. वाचणारं पोर मात्र हसत नाही, कारण त्याला त्या मुलाची निकड कळलेलीच नसते.

निकड छोटी असावी, पण जीव खाणारी असावी, आणि ती तुमच्या गावातून यावी. आपल्याकडे शोधायला लांब जावं लागत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. जूनमध्येही ऊन उतरत नाही, म्हणून उरलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा सुरू झाल्यावर कितीतरी दिवसांनी विदर्भातल्या शाळांची घंटा वाजते. एप्रिलची सकाळची शाळा डोळ्यांपुढे आणा. दहा वाजले की भिंती तापतात. सहावी ब मध्ये दोन पंखे, त्यातला एक फक्त आवाज करतो. आणि व्हरांड्याच्या टोकाला, शिक्षकांच्या खोलीत, कूलर. झालं. गौरव आणि सुमेधला तो कूलर वर्गात हवाय.

आता मुलांचा तर्क बांधा. बाहेरून तो कितीही वेडा दिसो, आतून त्याला एकही भोक नको. या शाळेची रीत अशी, की शिक्षकांच्या खोलीत जे बिघडतं ते वर्गात येतं. डुगडुगणारं टेबल सहावी अ ला मिळालं, काटा अडकलेलं घड्याळ पाचवीला. मग कूलर बिघडला तर? सरांना नवा येईल, जुना आपल्याला. "तोडाचा नाही बे, फक्त बिघडवाचा हाये," गौरव म्हणतो, आणि सुमेधला ते पटतं. वाचणाऱ्या मुलालाही पटलं पाहिजे. त्याने मनात 'हौ, बरोबर' म्हटलं की तो त्या दोघांच्या कटात सामील झाला.

यानंतरचं काम कंटाळवाणं वाटेल, पण मी ते कोणालाच सोडू देत नाही. खोडीतलं यंत्र कसं चालतं ते कागदावर लिहून काढा. कूलरच्या खाली पाण्याची टाकी असते. छोटा पंप ते पाणी वर चढवतो, ते तिन्ही बाजूंच्या गवताच्या जाळ्यांवरून झिरपत खाली येतं, आणि पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या गवतातून आत ओढतो. म्हणजे टाकीतल्या पाण्याला जो वास असेल, तोच खोलीभर होणार. गौरव आईची हिंगाची डबी उचलतो. शिवाय गवत वास धरून ठेवतं, पाणी बदललं तरी तो सहजासहजी जात नाही. खोडी मागे घेता येत नाही! ही अडचण मी कल्पनेने आणलेली नाही, ती गवतातून आली. यंत्र समजलं की अर्धे प्रसंग तेच सुचवतं.

इथेच एक पथ्य. तुमची गोष्ट वाचून कुठलं तरी पोर तसं करून बघणार, हे धरून चाला. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या कूलरला हात लावून मुलं दगावल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो. म्हणून आपल्या गोष्टीत दोघं कूलरजवळ जातच नाहीत. नळाखाली भरून ठेवलेल्या बादलीत ते हिंग कालवतात, आणि शिपाई भाऊरावकाका नेहमीसारखी ती बादली नेऊन टाकीत ओततात. सुरक्षेसाठी केलेल्या या बदलाने गोष्टीला तिचा कणाच दिला. का, ते पुढे येईल.

गंमत कुठे असते? पोरं पडण्या-आपटण्याला हसतात असं आपण समजतो. मी वर्गात मोठ्याने वाचताना बघत आले आहे, त्यांना खरं हसू येतं ते स्वतःला माहीत असलेली गोष्ट मोठ्यांना माहीत नसते तेव्हा. म्हणून हिंग लपवू नका. वाचकाला आधी सगळं सांगा आणि मग त्याला शिक्षकांच्या खोलीत नेऊन बसवा:

"गणिताच्या मॅडमनी डबा उघडला, हुंगला, पुन्हा बंद केला. 'मी तर आज कोरडी भाजी आणलीय,' कोणी विचारलं नसताना त्या म्हणाल्या. पीटीच्या सरांनी खिडकी उघडली. बाहेरून फक्त ऊन आत आलं. मुख्याध्यापक दारात थांबले, सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, 'वरण कोणाचं आहे?'"

या परिच्छेदात कोणीही हसत नाही. 'धमाल', 'मजेशीर', 'हसून हसून पोट दुखलं' यातलं काही नाही. हे शब्द तुमच्या कागदावर असतील तर आजच काढा. पात्रं जितकी गंभीर, तितकं पोर लोळतं. आणि हा प्रसंग लांबवा. मॅडम डबा घेऊन लिंबाखाली जाऊन बसतात, इतिहासाचे सर सगळ्यांच्या पिशव्यांकडे संशयाने बघतात, कोणीतरी उंदीर मेल्याची शंका काढतं. खोडी करायला चार ओळी पुरतात, तिच्या परिणामांना दोन पानं द्या.

हसू कोणाच्या जिवावर येतंय, यावर मी अडून बसते. काळा रंग, लठ्ठपणा, तोतरं बोलणं, फाटकं दप्तर, शाळेतली खिचडी खाणारं पोर, यांच्यावर विनोद नको. वर्गात असा विनोद वाचला गेला तेव्हा तीस जण हसले आणि एकाने मान खाली घातली, ते मी पाहिलंय. त्या एकासाठी मी आयुष्यभर भांडेन. गोष्टीची चपराक खोडी करणाऱ्यांवर उलटावी किंवा शाळेच्या एखाद्या विचित्र रीतीवर बसावी. छडीचा विनोदही आता ठेवू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत मारायलाही बंदी आहे आणि मानसिक छळालाही. लिहिणाऱ्याच्या ते पथ्यावरच पडतं, कारण शिक्षा कल्पक असावी लागते. आपल्या मुख्याध्यापकांना सगळं कळतं तेव्हा ते एवढंच म्हणतात, "कूलर हवा होता ना? घेऊन जा." आणि हिंगाचा तो कूलर सहावी ब मध्ये येतो.

पण तिथे पोचण्याआधी मैत्री. ती नसेल तर ही नुसती वासाची गोष्ट राहील. बादली कोणी ओतली? भाऊरावकाकांनी. म्हणून बोलणी त्यांना बसतात. सुमेधला सांगून टाकायचंय, गौरवला नाही, आणि इथे दोघं तुटतात. मुलं कशी तुटतात ते नीट आठवा. ती भाषणं देत नाहीत. बाकाच्या मधोमध करकटकाने रेघ ओढतात. दिलेल्या वस्तू परत मागतात, त्याही तिसऱ्याच्या तोंडून. मधल्या बाकावरची प्रांजली बिचारी निरोप पोचवत बसते: "तो म्हणते, त्याची पट्टी दे." "त्याले सांग, माझं खोडरबर अर्धं खाल्लं त्यानं, ते पह्यले दे." हा भाग भरपूर लिहा. पोरांना तो स्वतःचा वाटतो, आणि हसता हसता त्यांच्या घशात काहीतरी अडकतं.

समेट लिहिताना 'सॉरी' नको, मिठी नको, शिक्षकांचं व्याख्यान तर मुळीच नको. एक कृती द्या. डबी सापडून मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेली आहे. सुमेध एकटाच कबूल करायला जातो, तर दारात गौरव आधीच उभा.

"तू काहून आला बे?"

"आईची डबी वापस घ्याले."

बस. तो मित्रासाठी आलाय की डबीसाठी, हे पोरांना बरोबर कळतं, तुम्ही सांगू नका.

बोलीबद्दल माझं ठाम मत आहे. निवेदन साध्या मराठीत ठेवा, बोलणं नागपूरचं ठेवा. 'करून राहिला', 'काहून', 'मले', 'बाप्पा' हे आपल्या पोरांच्या तोंडातलं आहे, ते छापलेलं दिसलं की ती पुस्तक जवळ ओढतात. फक्त शिपायाला आणि गरीब मुलालाच बोली देऊन बाकीच्यांना पुणेरी बोलायला लावू नका. तो अन्याय आहे आणि खोटंही आहे. आपल्या गणिताच्या मॅडम चिडल्या की त्याही "काय करून राहिले रे तुम्ही?" असंच म्हणतात.

कूलर हे एक उदाहरण झालं. तान्हा पोळा घ्या. लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागणारी मुलं, आणि कोणाच्या बैलाला चाकं नीट आहेत यावरून होणारी भांडणं. त्याच दिवशी मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे वाईटसाईट गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि सगळं गाव 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतं. एखाद्या वर्गाने गृहपाठाचा बडगा बनवला आणि त्याचं तोंड चुकून उपमुख्याध्यापकांसारखं झालं, तर? लिहा, मी वाचायला तयार आहे. एका गोष्टीत एकच खोडी घ्या. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी हजार शब्द पुष्कळ झाले. नायक वाचकापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा असावा.

शेवट हसण्यावर करा आणि ताबडतोब थांबा. सहावी ब मध्ये कूलर सुरू होतो, सगळे नाक दाबून बसतात, पण बंद करा असं कोणीच म्हणत नाही, कारण गार वाटतंय. यानंतर एक ओळही नको.

लिहून झालं की ऑफ तासाला वर्गात जा, नाहीतर गल्लीतली मुलं जमवा, आणि मोठ्याने वाचा. हातात पेन्सिल असू द्या. कोणी शेजाऱ्याशी बोलायला लागलं की त्या ओळीपाशी खूण करा. "मग?" असा आवाज आला तिथे दुसरी खूण करा. घरी येऊन पहिल्या खुणांचा मजकूर काढा, दुसऱ्या खुणांपुढचा वाढवा. पुढच्या वाचनाला तीच मुलं घेऊ नका. त्यांना वरण कोणाचं ते माहीत झालेलं असतं.